पट्टीखाली शिकलेली बोटं

मॅट्रिक झाल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला उस्मानाबादला टायपिंगच्या क्लासात घातलं. गावात माझ्या वयाच्या पोरींची लग्नं चालली होती. आबांचं म्हणणं एकच होतं, हिच्या हातात हातोडा येता कामा नये. मोठ्या दुष्काळात ते आणि आई सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. तिथं दगडाची एक कपची उडून आबांच्या डाव्या डोळ्यात घुसली. मुकादमानं डोळ्याला ओला फडका बांधायला सांगितला आणि परत ढिगाजवळ बसवलं. डोळा गेला. ही हकिकत आबा कधी चिडून सांगत नसत. चिडायची ती आई.

पुढं आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आबा तिथं मजूर म्हणून लागले. तिथल्या ऑफिसात त्यांनी मशीनवर टकटक करणारी माणसं पाहिली. पंख्याखाली बसून, अंगावर धूळ न पडता काम करता येतं, हे त्यांच्या मनात बसलं.

क्लास एका भुसार दुकानाच्या माडीवर होता. सर उंच, किडकिडीत, पांढरा बुशशर्ट घालणारे. आवाज कधी चढत नसे. हातात पोलादी फुटपट्टी असायची. बाकीच्या मुलामुलींना ते कधी डोक्यात टपली मारायचे, कधी कान धरायचे. मला कधी हात लावला नाही. मला फक्त पट्टी. आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, पण सरांच्या लेखी काही झालेलं नव्हतं. मला हे कुणी समजावून सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं.

शिकवायचे मात्र चोख. कागद सरळ कसा चढवायचा, डावीकडं मार्जिन किती सोडायचं, उजवीकडची घंटा वाजली की शब्द तोडायचा की खाली न्यायचा, पॅरा कुठून सुरू करायचा, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. सगळ्यात अवघड हेडिंग. ते कागदाच्या बरोबर मध्यात यायला पाहिजे. त्यासाठी कॅरेज मध्यावर आणायची, मग हेडिंग मनात म्हणत दर दोन अक्षरांना एकदा मागं जायचं आणि तिथून टाइप करायला लागायचं. मराठीत काना, वेलांटी, जोडाक्षर आलं की हिशेब चुकायचा. चुकला की पट्टी. चूक रबरानं खोडता यायची, पण कागदावर धुरकट डाग राहायचा आणि तो सरांना लांबून दिसायचा.

एकदा 'सर्वसाधारण सभा' हे हेडिंग माझ्याकडून तीनदा उजवीकडं सरकलं. सरांनी पट्टी आडवी न मारता तिची कड मारली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मुळापासून उचकटलं. रक्त कीबोर्डच्या दांड्यांमध्ये गेलं. सरांनी मला आधी मशीन पुसायला लावलं. मी माझ्या ओढणीनं पुसलं. शेजारची मुलगी रडायला लागली, मी नाही रडले. मला भीती एवढीच होती, की आता क्लासातून काढतील.

आबांना मी काही सांगितलं नाही, पण चिंधी बांधलेलं बोट त्यांना दिसलंच. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीनं आले. कारखान्याचा खाकी शर्ट घातला होता, तो त्यांचा चांगला शर्ट. ते माडीवर चढले आणि दाराच्या आत न येता उंबऱ्याजवळ उभे राहिले. सगळ्यांची टकटक थांबली.

"सर, पोरगी चुकली तर रागवा," आबा म्हणाले. "पर बोटं मोडू नका. बोटावरच तिचं पोट चालनार हाय."

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. म्हणाले, तिचीच बोटं मध्ये आली. मग पुढचं वाक्य त्यांनी तितक्याच हळू आवाजात टाकलं. "मार खायची तयारी नसेल तर घेऊन जा तिला. खडी फोडायला लिहिता वाचता यावं लागत नाही."

कुणीतरी हसलं. आबांनी वाकून सरांना नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले. मी टाइप करत राहिले. कागदावर काय उमटत होतं ते मला दिसत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले तर आबा अंगणातच होते. मी चप्पल काढते तोच त्यांनी माझ्या तोंडात मारली. मी भिंतीवर आदळले. ते मारतच राहिले, पाठीवर, दंडावर, जिथं लागेल तिथं. आई मध्ये पडली तर तिला ढकललं. "चुकायचं न्हाय," एवढंच म्हणत होते. "परत मला तिथं उभं ऱ्हायला लावायचं न्हाय." त्यांनी त्याआधी मला कधी हात लावला नव्हता. त्या मारानं मला लागलं, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो ते वाकले होते त्याचा.

मी परीक्षा पास झाले. पुढं त्याच कारखान्यात मला टायपिस्टची जागा मिळाली. रुजू व्हायला गेले आणि पाहते तर मुख्य टायपिस्टच्या खुर्चीत सर. त्यांचा क्लास बंद पडला होता. एका संचालकाच्या नात्यातले असल्यामुळं त्यांना इथं जागा मिळाली होती. मला पाहून त्यांना आनंद झाला नाही की वाईट वाटलं नाही. "मार्जिन लक्षात आहे ना," म्हणाले आणि एक कागद पुढं सरकवला.

सहा-सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. पट्टी त्यांच्या ड्रॉवरमध्येच असायची. मी आता नोकरीत होते, त्यामुळं हातावर मारत नसत. चूक सापडली की ते पट्टी काढून माझ्या टेबलावर, बोटांच्या अगदी जवळ, खाडकन आपटायचे. माझी बोटं दरवेळी आखडायची. ऑफिसातल्या लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

मग कॉम्प्युटर आला. सोलापूरहून एका टेम्पोत चिंध्यांमध्ये गुंडाळून आणला. त्याच्यासाठी वेगळी खोली केली, दाराबाहेर चपला काढायच्या असं ठरलं. मराठी अक्षरं पडद्यावर यावीत म्हणून त्यात एक कार्ड बसवलं होतं. शिकवायला सोलापूरच्याच एक बाई आल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, पंजाबी ड्रेस घालणाऱ्या. कार्यकारी संचालकांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांनी शिकण्यासाठी सरांना आणि मला नेमलं.

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली. मी चुकले आणि हात चटकन मागं घेतला. बाई म्हणाल्या, "हे बटण दाबा, पुसलं जाईल. चुकलं तर काय होत नाही हो, परत करायचं." मी बटण दाबलं. चुकीचं अक्षर गेलं, आणि तिथं डागसुद्धा राहिला नाही. मी ते पुन्हा मुद्दाम चुकीचं लिहिलं आणि पुन्हा पुसलं. बाई हसल्या. सर माझ्याकडं बघत होते.

मग बाईंनी एकेक गोष्ट शिकवली. हेडिंगच्या ओळीवर जाऊन दोन बटणं दाबली की हेडिंग आपोआप मध्यात. अक्षर ठळक करायचं तर त्याच्या आधी एक खूण, नंतर एक खूण. मार्जिन एकदा सांगून ठेवायचं, मग ते शेवटच्या पानापर्यंत पाळलं जातं. मधला पॅरा उचलून वर नेता येतो, दोन ओळींतली जागा कमी-जास्त करता येते, पान कुठं तोडायचं तेही आपण सांगायचं. आणि दर थोड्या वेळानं केलेलं काम साठवायचं. नाहीतर वीज गेली की सगळं जातं, हे त्या रोज सांगायच्या.

अडचण दुसरीच होती. टाइपरायटरवर जिथं 'क' होता तिथं इथं 'क' नव्हता. अक्षरांच्या सगळ्या जागा बदललेल्या. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. इथं आधी अक्षर, मग वेलांटी. आमची बोटं जुन्या जागी जायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. मी वैतागायचे, हसायचे, पुसायचे. सरांना ते जमेना. वीस-पंचवीस वर्षं ज्या बोटांनी न बघता काम केलं, ती बोटं आता दर शब्दाला चुकत होती, आणि तीही माझ्यासमोर.

एक दिवस मी खोलीत शिरले तर सर एकटेच बसले होते. डावा हात टेबलावर पसरलेला आणि उजव्या हातात पट्टी. ते एक शब्द लिहीत होते, चुकला की स्वतःच्या बोटांवर पट्टी मारत होते, परत लिहीत होते. हळू नव्हे, आम्हाला मारायचे तसंच. बोटांची पेरं लाल झाली होती, एका ठिकाणी कातडं फाटलं होतं. बाई माझ्या मागून आल्या आणि ओरडल्या, "अहो सर, काय करताय?" सरांनी पट्टी खाली ठेवली. म्हणाले, "अशानंच येतं. हिला विचारा."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मला सरांची कीव आली नाही. मला वाटलं, मारू दे अजून.

बाईंचं काम संपलं आणि त्या परत गेल्या. पुढच्या महिन्यात कारखान्याची वार्षिक सभा होती. साहेबांनी अहवाल यंदा कॉम्प्युटरवर करायचा असं सांगितलं. सरांनी हट्टानं ते काम स्वतःकडं घेतलं. मी शेजारी बसून वाचून दाखवायचं, एवढंच. त्यांचा वेग मुंगीसारखा, पण त्यांनी सोडलं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी अध्यक्षांचं मनोगत पूर्ण केलं. हेडिंग मध्यात, ठळक, मार्जिन दोन्हीकडं सारखं. ते खुर्चीत मागं टेकले आणि पडद्याकडं बघत राहिले. त्या क्षणी त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. एखाद्या मुलासारखा.

गाळप बंद होतं, त्यामुळं कारखान्याची स्वतःची वीज नव्हती. बाहेरून यायची ती वीज दुपारी कधीही जायची. तशीच गेली. पंखा थांबत थांबत थांबला आणि पडदा काळा झाला.

वीज परत आली तेव्हा आम्ही मशीन सुरू केलं. आत काहीच नव्हतं. सकाळपासून त्यांनी एकदाही काम साठवलं नव्हतं.

मी म्हणाले, "असू द्या सर, मी लिहून काढते. मधे मधे साठवायला बाईंनी सांगितलं होतं."

हे मी कुत्सितपणे म्हणाले नव्हते. पण सर उठले. टेबलावर कागदांना भोकं पाडायचं जुनं लोखंडी पंचिंग मशीन होतं, दगडासारखं जड. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि पडद्यावर हाणायला वर नेलं. मी मध्ये उजवा हात घातला. का घातला ते मला आजही सांगता येत नाही. तो कॉम्प्युटर माझा नव्हता. पण तेवढ्या एका ठिकाणी मला कुणी मारलं नव्हतं.

हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. दुसरा घाव पडद्यावर नव्हता. तो माझ्यावरच होता, खांद्यावर. तिसरा कानामागं बसला. मी खुर्चीसकट खाली पडले. सर एक शब्द बोलत नव्हते. त्यांच्या तोंडातून फक्त श्वासाचा आवाज येत होता, लाकूड फोडताना येतो तसा. मी पडल्यावर त्यांनी लाथ मारली, पोटात. मग हिशेबाचे कारकून धावत आले आणि त्यांनी सरांना मागं ओढलं.

शिपायानं बाहेर जाऊन आबांना सांगितलं. त्या दिवसांत मजूर कारखान्याच्या कंपाउंडला वाढलेली वेडी बाभूळ तोडत होते, प्रत्येकाच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता. आबा तसेच आले. चपला खोलीबाहेर काढायच्या हा नियम त्यांना माहीत होता. त्यांनी चपला काढल्या आणि कोयता घेऊन आत आले.

सर खुर्चीत बसले होते. मी भिंतीला टेकून होते, कानामागून रक्त येत होतं. आबांनी मला पाहिलं, एका डोळ्यानं, मान पूर्ण वळवून. कारकून भिंतीकडं सरकले.

"हिला का मारलं?" आबांनी विचारलं.

"तीच मध्ये आली," सर म्हणाले.

"तवाबी तुम्ही हेच म्हनला व्हता."

आबांनी हात वर नेला. मी त्यांना थांबवलं नाही. माझा एक हात चालत होता, तोंड चालत होतं, मी ओरडू शकत होते. मला ते व्हायला हवं होतं. आणि वर गेलेल्या हातात आबांनी कोयता फिरवला, हे मी पाहिलं. धार छताकडं झाली आणि पाठ खाली. मला त्या वेळी धार हवी होती.

कोयत्याची पाठ सरांच्या गळ्याजवळ, खांद्याच्या हाडावर बसली. सर किंचाळले नाहीत, त्यांचा श्वासच कोंडला. आबांनी दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा मात्र चौघांनी त्यांना धरलं. त्यांना जमिनीवर पाडून त्यांच्या छातीवर गुडघे ठेवले. एकानं त्यांच्या तोंडावर बुक्की मारली. आबांनी प्रतिकार केला नाही. कोयता हातातून आपणच सोडला.

उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात सरांना आणि मला एकाच जीपमधून नेलं. सर पुढच्या सीटवर, मी मागं. आबांना पोलीस घेऊन गेले. रस्ताभर खड्डा आला की सर कण्हायचे आणि मी दात आवळून गप्प राहायचे. त्यांच्यासारखा आवाज मला काढायचा नव्हता.

संचालकांनी आपसात बसून ठरवलं की प्रकरण वाढवायचं नाही, सभा तोंडावर आहे. मला त्यांनी विचारलं नाही. सरांकडून राजीनामा घेतला आणि तो तब्येतीच्या कारणासाठी असल्याचं लिहिलं. आबांना काढून टाकायचं ठरलं. माझ्याविरुद्ध काही नव्हतं, शिवाय आता मशीन चालवणारी मी एकटीच उरले होते.

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मी कामावर गेले. साहेबांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग नजर चुकवत म्हणाले, की एक आदेश काढायचा आहे आणि तो सरकारी कार्यालयात जाणार आहे, तेव्हा नीट दिसला पाहिजे. आबांना कामावरून कमी केल्याचा तो आदेश होता. साहेब वाईट नव्हते. त्यांना दुसरं कुणी सुचलं नाही, इतकंच.

मी तो डाव्या हातानं लिहिला. 'आदेश' हा शब्द मध्यात आणला, ठळक केला. मार्जिन सारखं ठेवलं. लिहिताना दर ओळीनंतर मी काम साठवत होते. वीज गेली तर हे मला परत लिहावं लागेल, ते नको होतं. छापून निघाला तेव्हा कागद फार देखणा दिसत होता. मी तो साहेबांच्या सहीला नेला.

आबांवरचा खटला बरेच दिवस चालला. शेवटी तडजोड ठरली. कोर्टाबाहेरच्या बाकावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला सर. सरांचा खांदा वाकडा जुळला होता, उजवा हात धड उचलत नव्हता आणि बोटांत पेन ठरत नव्हतं. तडजोडीचा अर्ज मीच कॉम्प्युटरवर करून आणला होता, वकिलांनी तसं सांगितलं होतं. सरांनी तो वाचला. वाचताना अंगठा डाव्या मार्जिनवरून वरून खाली फिरवला, जसा क्लासात फिरवायचे.

"स्वच्छ काम आहे," म्हणाले.

मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याचा मला इतका राग आला, की मी तो कागद त्यांच्या हातातून हिसकून घेतला आणि सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. त्यांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

गावी येताना एसटीत मी आबांना विचारलं, की कोयता उलटा का फिरवला. ते खिडकीबाहेर बघत होते.

"धारंनं मारला असता तर मेला असता," ते म्हणाले. "मंग मी आत, आन तू एकटीच त्या हापिसात त्या लोकात."

त्यांनी पुढं तुळजापूरच्या बाजूला एका द्राक्षबागेत राखणीचं काम धरलं. मी कारखान्यातच राहिले. काही दिवसांनी साहेबांनी माझ्या हाताखाली दोन नव्या मुली दिल्या. त्यातली एक चुकली की खांदे वर ओढून डोळे मिटायची आणि थोडा वेळ तशीच बसायची. तिला कुणी मारलं होतं, कुठं मारलं होतं, मी विचारलं नाही. तिला पुसायचं बटण दाखवलं, आणि तिच्या शेजारी बसताना माझे दोन्ही हात तिला दिसतील असे टेबलावर ठेवायला लागले.